"शेजाऱ्यांना कळू देऊ नका" हा सल्ला मला मान्य नाही

नौपाडा_ते_घोडबंदर
काल सावध_माणूस यांनी लिहिलेलं वाचलं आणि डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर उत्तर देतेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक कुटुंबाने 3 महिन्यांचं धान्य भरावं, 2 जास्तीचे सिलिंडर ठेवावेत, जमल्यास मुरबाड-शहापूरकडे जागा घेऊन विहीर, भाजीपाला, कोंबड्या असं स्वतःपुरतं उभं करावं. आणि यातलं काहीही शेजाऱ्यांना कळू देऊ नये, कारण वेळ आली की आधी तेच दारात येतील.

धान्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या सासूबाई नौपाड्याच्या दोन खोल्यांत वर्षाचे गहू-तांदूळ भरायच्या. तूरडाळीला एरंडेल चोळलेलं, गव्हात कडुलिंबाचा पाला. बेगमी आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको. मला लागलं ते शेवटचं वाक्य.

26 जुलै 2005 ला मी विक्रोळीला नोकरीला होते. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला हे दुसऱ्या दिवशी कळलं, त्या संध्याकाळी फक्त एवढं दिसत होतं की गाड्या बंद आहेत आणि पाणी चढतंय. एलबीएस रोडने चालत निघाले. भांडुपला एका चाळीतल्या बाईंनी हाक मारून आत घेतलं. त्यांच्या खोलीत आम्ही 9 अनोळखी माणसं होतो. कोरडी साडी दिली, पिठलं-भात वाढला. डब्यात किती तांदूळ उरलेत हे त्यांनी पाहिलं नाही. आणि इकडे नौपाड्यात माझी 4 वर्षांची मुलगी रात्रभर समोरच्या काकूंच्या कुशीत झोपली होती. त्या बाईंनी किंवा या काकूंनी "कळू देऊ नका" असं ठरवलं असतं तर?

आता हिशोबाचं. आम्ही 14 व्या मजल्यावर राहतो. माणशी रोज 3 लिटर पिण्या-रांधण्याला धरलं तरी चौघांचे 3 महिन्यांचे 1080 लिटर होतात. एक टन पाणी! ते ठेवणार कुठे? पाण्याशिवाय तुमचे तांदूळ शिजणार कशात? उंच इमारतीत वीज गेली की पंप बंद, आणि वरची टाकी संपली की सगळे सारखे. 3 दिवसांचं पाणी, म्हणजे 20 लिटरचे 2 जार, हे मात्र प्रत्येकाने ठेवलंच पाहिजे. पाण्याच्या शटडाउनच्या आदल्या रात्री धावपळ करून नव्हे, कायम.

सावध_माणूस
ताई, तुम्हाला भांडुपची बाई भेटली. मला काय भेटलं तेही ऐका. 2020 चं लॉकडाउन, कोपरखैरणे. बायकोला आठवा महिना. माझी चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तासाभरात आमचं नाव, फ्लॅट नंबर सगळ्या ग्रुपवर. दूधवाल्याला गेटवरून परत पाठवलं. ज्यांच्याकडे आम्ही 6 वर्षं दिवाळीचा फराळ देत होतो त्यांनी दार उघडलं नाही. 11 दिवस आम्ही घरात होतं त्यावर काढले: तांदूळ, मूगडाळ, कांदे आणि सासूरवाडीहून आलेले सांडगे. त्या सांडग्यांनी माझ्या बायकोला जेवू घातलं, शेजाऱ्यांनी नाही.

म्हणून मी लिहिलं. घाबरट म्हणा, स्वार्थी म्हणा. पाण्याचा तुमचा हिशोब बरोबर आहे, तेवढ्याचसाठी मी विहिरीची जागा म्हणतोय.

दिवाळे_गावचा
मुरबाडला जागा घ्या, विहीर खणा, कोंबड्या पाळा. वाचून हसावं की रडावं कळत नाही. आमच्या आजोबांकडे हे सगळं होतं. भाताची खाचरं, मिठागर, दारात खाडी. पावसाच्या आधी आगोट भरायची: सुकट, जवळा, बोंबील, सोडे, मसाला, लाकडं, कांद्याच्या माळा. चार महिने होडी बाहेर काढता येत नाही, हे आमच्या आयांना माहीत होतं. त्याला कुणी 'सेल्फ सफिशियन्ट लिव्हिंग' म्हणत नव्हतं.

मग 1970 साली इथे नवी मुंबई शहर करायचं ठरलं. 95 गावांची जमीन. 1984 च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर 5 माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे आमचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. आता त्याच खाचरांवर उभ्या टॉवरमधली माणसं आम्हाला शिकवणार की स्वतःचं पिकवा!

आणि दुसरं. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीला खाडीच्या तोंडावरच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी धारण तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. शहर कोरडं राहतं ते या तलावांमुळे. त्यात गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय, आणि गाळ काढायचा तर परवानग्यांचा घोळ. तो तलाव बुजला तर तळमजल्यावरचे तुमचे 3 महिन्यांचे गहू एका रात्रीत भिजतील. आधी ते बोला.

नौपाडा_ते_घोडबंदर
दादा, आगोट शब्द किती वर्षांनी वाचला. तुमचं म्हणणं पटतं, पण खाडी आता परत येणार नाही, आज 14 व्या मजल्यावर काय करायचं ते बोलू.

दिवाळे_गावचा
खाडी कुठे गेली नाही ताई. तुम्हाला दिसत नाही एवढंच.

सीवूड्स_सेक्रेटरी
कृपया कुणीही जास्तीचे सिलिंडर घरात ठेवू नका. घरगुती जोडणीवर दोनच सिलिंडर मिळतात त्याला कारण आहे. एका घरात आग लागली तर पूर्ण विंग जिन्याने उतरवावी लागते. विजेचं म्हणाल तर आम्ही गच्चीवर सोलर बसवलंय. केंद्राच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. आता वीज गेली तरी लिफ्ट आणि पंप चालतील. सोसायट्यांनी हे केलं तर घराघरात साठेबाजी करायची वेळच येणार नाही.

वायरिंगवाला_वागळे
साहेब, तुमच्या सोलरला बॅटरी आहे का? नेट मीटर लावलेलं साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनला (ग्रिडला) जोडलेलं असेल तर ग्रिड गेलं की तुमचं सोलरही त्याच क्षणी बंद. भर दुपारी, ऊन असताना. इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी लाइनवर जाईल आणि खांबावर काम करणारा माझ्यासारखा माणूस मरेल.

सीवूड्स_सेक्रेटरी
आमच्या ठेकेदाराने असं काही सांगितलेलं नाही. बिल निम्म्यावर आलंय. तुम्ही न बघता बोलताय.

वायरिंगवाला_वागळे
बिल कमी होणं वेगळं, वीज गेल्यावर चालणं वेगळं. रविवारी दुपारी 12 ला मेन पाडा आणि लिफ्टचं बटण दाबा. जनरेटर बंद ठेवून. लिफ्ट हलली तर मी इथे सगळ्यांसमोर माफी मागेन.

अकरावा_मजला
मी एरवी लिहीत नाही. पण "सोसायटीने केलं की घराघरात नको" हे वाचून राहवलं नाही.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी 10 च्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली. लोकल जिथल्या तिथे. बाबांना घरी ऑक्सिजन मशीन लावलेलं होतं, 5 लिटरचं. आमच्या इमारतीला जनरेटर आहे. ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर त्याचा फोटो होता. मी वॉचमनला फोन केला, तो म्हणाला चालू होत नाहीये. मी 11 मजले उतरून गेलो. बॅटरी उतरलेली आणि टाकीत डिझेल तळाला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "दोन वर्षांत लागलाच नाही, मग कशाला भरायचं." त्यांना ते वाक्य आठवत नसेल. मला रोज आठवतं.

परत 11 मजले चढून वर आलो. आईने बाबांना टेकवून बसवलं होतं आणि पेपरने वारा घालत होती. शेवटी शेजारच्या इमारतीतल्या एका अनोळखी मुलाने स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट खांद्यावर वर आणून दिला. 150 एएचची बॅटरी, 50 किलोच्या वर वजन. बाबा त्या दिवशी वाचले.

आता माझ्या घरात स्वतःचा इन्व्हर्टर आहे, ऑक्सिजनचा भरलेला बी टाइप सिलिंडर आहे. मला कुठल्याही समितीवर विश्वास नाही. सावध_माणूस बरोबर बोलताहेत.

सीवूड्स_सेक्रेटरी
वाईट वाटलं वाचून. पण सगळ्या समित्यांना एका मापाने मोजू नका. इथे आम्ही बिनपगारी काम करतो, नोकरी सांभाळून. मेंटेनन्स 300 रुपयांनी वाढवायचा ठराव आणला तर सर्वसाधारण सभेत आरडाओरड होते, आणि डिझेल संपलं की शिव्या आम्हालाच. थकबाकीदारांची यादी लावली तर मला लिफ्टमध्ये धमकी मिळाली. तुमच्यातले किती जण सभेला येतात?

अकरावा_मजला
मी तुम्हाला वडिलांबद्दल सांगतोय आणि तुम्ही मेंटेनन्स सांगताय.

सीवूड्स_सेक्रेटरी
कारण डिझेल मेंटेनन्समधूनच येतं!

वायरिंगवाला_वागळे
भांडू नका, दोघांचंही ऐकून घेतो. जनरेटरचं माझं 20 वर्षांचं बघणं असं: इंजिन सहसा बिघडत नाही, सुरू करायची बॅटरी मरते. दर आठवड्याला 10 मिनिटं चालवा, महिन्यातून एकदा लिफ्ट-पंपाच्या लोडवर. डिझेल वर्षभर पडून राहिलं की त्यात पाणी आणि गाळ धरतो, म्हणून वापरून नवीन भरत राहायचं. वॉचमनच्या केबिनमध्ये वही ठेवा: तारीख, किती मिनिटं, डिझेल किती. याला ठराव लागत नाही.

अकरावा_मजला भाऊ, तुमच्यासाठी: 5 लिटरचं मशीन 300-350 वॅट खातं. 150 एएचवर चांगल्या बॅटरीत 4 तास धरा, जुनी असेल तर 2. बी टाइप सिलिंडर मिनिटाला 2 लिटरच्या वेगाने साधारण 12 तास. म्हणजे एकट्या घराच्या तयारीलाही हद्द आहे. त्या दिवशी वीज रात्रीपर्यंत आली नसती तर?

नेरूळची_सिस्टर
मध्येच लिहिते, ड्युटीवर आहे. इन्शुलिनवाल्यांनी फ्रिज बंद पडला म्हणून घाबरू नये. चालू असलेली कुपी साधारण 4 आठवडे बाहेर टिकते, ओल्या मडक्यात ठेवा, उन्हात नको. आणि पुराच्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असो नसो, 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून गोळी देतात. तुरटीने पाणी नितळ होतं, जंतू मरत नाहीत. उकळाच. हे धान्याच्या आधी पाठ करा.

सावध_माणूस
सिस्टरांचं लिहून घेतलं. पण मुरबाडवर कुणी उत्तर दिलं नाही.

दिवाळे_गावचा
मी देतो. कोपरखैरण्याहून मुरबाडला जाणार कसे? कल्याण गाठायचं आणि पुढे रायता पूल. उल्हासला पूर आला की तो पाण्याखाली जातो, रस्ता बंद. ज्या दिवशी तुम्हाला विहीर लागेल त्याच दिवशी तिथे पोचता येणार नाही. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर माणसं होड्यांनी काढली. त्याच उल्हासच्या पट्ट्यातून तुम्ही बायको-पोर घेऊन जाणार? आणि सातबारा नसेल तर शेतजमीन तुमच्या नावावर होणारच नाही, एनए (बिगरशेती) प्लॉटच्या नावाखाली काय गळ्यात मारतात ते गावात येऊन बघा.

सावध_माणूस
पुलाचं मी धरलं नव्हतं. ठीक आहे. पावसाळ्यात मुरबाड बाद. पण शेजाऱ्यांवर माझा विश्वास बसणार नाही, तो तुम्ही कुणी परत आणून देऊ शकत नाही.

नौपाडा_ते_घोडबंदर
विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. कोपरखैरण्याला तुमच्याशी जे झालं ते चुकीचं झालं, तुमच्या जागी मीही दार लावून घेतलं असतं. तुमच्या बायकोचं वाचताना मला माझं बाळंतपण आठवलं. पण अकरावा_मजला यांनी काय लिहिलं ते पुन्हा वाचा. ते म्हणतात समितीवर विश्वास नाही, आणि त्यांच्या वडिलांना वाचवलं कुणी? शेजारच्या इमारतीतल्या मुलाने. त्या मुलाला कसं कळलं की 11 व्या मजल्यावर मशीन आहे? कुणीतरी सांगितलं म्हणूनच ना? सगळ्यांनी लपवून ठेवलं असतं तर तो आपल्या घरी पंखा लावून बसला असता.

अकरावा_मजला
आईने खिडकीतून ओरडून सांगितलं होतं.

सीवूड्स_सेक्रेटरी
ठेकेदाराला फोन केला. बॅटरी नाही. हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि बॅटरीचा खर्च वेगळा येईल म्हणतो. वायरिंगवाला, तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं. मी सभासदांना चुकीचं सांगितलं होतं, ते दुरुस्त करून टाकतो. जनरेटरची वही उद्यापासून.

नौपाडा_ते_घोडबंदर
मी आनंदनगरला आमच्या इमारतीत या रविवारी एवढंच करणार आहे: दारोदार जाऊन एक कागद भरून घ्यायचा. कोण एकटं राहतं, कुणाला इन्शुलिन, कुणाला ऑक्सिजन, कुणाला जिना उतरता येत नाही, आणि कुणाकडे काय आहे: इन्व्हर्टर, स्ट्रेचर, नर्सिंग येणारं माणूस. ज्यांना सांगायचं नाही त्यांनी सांगू नये. कागद ग्रुपवर टाकणार नाही, पाकिटात घालून वॉचमनकडे आणि एक प्रत माझ्याकडे. सावध_माणूस, तुमचं नाव ग्रुपवर फिरवलं तसं इथे होणार नाही, ती काळजी माझी.

सावध_माणूस
बंद पाकिटात असेल तर विचार करता येईल. ते शेवटचं वाक्य मी कालच्या लेखनातून काढतो. बाकीचं राहू देतो.

अकरावा_मजला
ताई, मी कासारवडवलीला आहे, तुमच्यापासून लांब नाही. बाबा मागच्या वर्षी गेले. मशीन घरातच आहे, दर महिन्याला अर्धा तास चालवून बघतो. तुमच्या कागदावर माझा नंबर घाला. रात्रीसुद्धा फोन करा, मी घेऊन येईन.