द्राक्षबागेतला ओलावा मोजायचाय: ईएसपी32 ठेवू की बदलू?

काळीमाती_निफाड
नमस्कार मंडळी. घरापासून बाग सव्वा किलोमीटर. ठिबक कधी सोडायचं ते अजून माती उकरून, मुठीत दाबून ठरवतो. अंगणात चाचणी म्हणून ईएसपी32 (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) चा बोर्ड, ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर आणि 2600 एमएएचचा 18650 (चार्ज होणारा लिथियम) सेल जोडला. अर्ध्या तासाने जाग येते, बाकी वेळ डीप स्लीप, म्हणजे चिप जवळपास बंद. तरी सेल अकरा-बारा दिवसांत बसतो. शिवाय वायफाय सुरू झालं की रीडिंग बिनकामाचं. बागेत तर वायफाय पोचणारच नाही. काय घेऊ?

मीटरवाली
दादा, सेन्सर 25, 26 किंवा 27 ला लावलाय का? त्या पिना एडीसी2 च्या (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा चिपचा दुसरा विभाग), वायफाय चालू असताना त्यांच्यावर वाचन होत नाही. 32 ते 35 पैकी एक घ्या.

सेलचं म्हणाल तर चिप झोपते, बोर्ड झोपत नाही. चिपला झोपेत 10 मायक्रोअँपिअरच्या आसपास लागतात. पण बोर्डावरचा एएमएस1117 रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) एकटाच पाचेक मिलीअँपिअर खातो, वर लाल एलईडी आणि यूएसबीची चिप. माझ्या बोर्डाला मीटर लावला तर 9 मिलीअँपिअर. 2600 भागिले 9 करा, साधारण 289 तास, म्हणजे बारा दिवस येतात. बोर्ड सोडा, नुसतं मॉड्यूल घ्या आणि एमसीपी1700 रेग्युलेटर लावा. तो 250 मिलीअँपिअरच देतो, त्यामुळे बागेतल्या नोडवर (सेन्सर, चिप आणि सेलच्या संचावर) वायफाय बंदच ठेवायचं. सेन्सरची वीजही एका पिनवरून द्या, वाचण्यापुरती.

गच्चीवरचा_अँटेना
सव्वा किलोमीटरला लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झ विनापरवाना आहे, म्हणून 868 चं मॉड्यूल घ्या आणि कोडमध्ये 866 टाका. 433 चं स्वस्त दिसलं तरी नको. अँटेना म्हणून 8.6 सेंटिमीटर सरळ तार चालते, पण ती मांडवाच्या वर काढा, ओली पानं सिग्नल पितात. अँटेना न लावता मॉड्यूल कधीही चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो. घरी गच्चीवर दुसरा ईएसपी32, तो वायफायवरून एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायची पद्धत) फोनवर आकडा देईल.

ठिबक_ताई
आमच्याकडेही काळी रानं. सेन्सर कोरडा खुपसू नका. माती भेगाळली की पात्याभोवती हवा राहते आणि शेजारी ओल असूनही आकडा कोरडा येतो. खड्डा करून त्याच मातीचा पातळ चिखल ओता, मग पातं बसवा, ड्रिपरपासून वीतभर लांब, मुळांच्या खोलीला. पात्याच्या कडा आणि वरचे सुटे भाग इपॉक्सीने बंद करा, आमचा पहिला सेन्सर तिथूनच पाणी पिऊन गेला. आणि पहिला हंगाम मोटार याच्यावर सोडू नका. मूठ आणि आकडा रोज शेजारी-शेजारी वहीत लिहा.

काळीमाती_निफाड
पिन 27 च होती! 34 वर घेतली, आकडा लगेच जागेवर आला. लोराची जोडी मागवली. ऑक्टोबर छाटणीआधी दोन नोड उभे करतो. ताई, इपॉक्सी किती तास वाळू द्यायचं?

ठिबक_ताई
पूर्ण एक दिवस. मग रात्रभर बादलीत बुडवून बघा, सकाळी आकडा सरकला नाही तरच रानात न्या.