मुलगा वडिलांच्या पुढे गेला की नाही, हे कशावरून ठरवावे? (संदर्भ : रॉन पॉल आणि रँड पॉल)

गिरणाकाठ (चाळीसगाव) – प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या गावातील अभ्यासमंडळात दर महिन्याला एक जण विषय मांडतो. या वेळी माझ्याकडे अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड, म्हणजे प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारे मतदान) आणि कॉकस (त्यासाठी भरणाऱ्या मतदारांच्या सभा), हा विषय आला आहे. वाचताना पॉल पितापुत्रांच्या कथेपाशी मी अडकलो.

वडील रॉन पॉल हे व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ आणि टेक्सासचे प्रतिनिधिगृहातील सदस्य. १९८८ मध्ये ते लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणाऱ्या) पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे होते, आणि पुढे २००८ व २०१२ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली. २०१२ मध्ये आयोवा राज्यातील कॉकसमध्ये ते २१ टक्क्यांहून अधिक मते घेऊन तिसरे आले. मुलगा रँड नेत्रतज्ज्ञ, २०११ पासून केंटकीचा सिनेटर. २०१३ मध्ये ड्रोनच्या प्रश्नावर सिनेटमध्ये जवळजवळ तेरा तास बोलून त्यांनी देशभर नाव कमावले होते. वडिलांना जे जमले नाही ते हा मुलगा करून दाखवील, असे त्या वेळी अनेक जाणकार लिहीत होते. प्रत्यक्षात १ फेब्रुवारी २०१६ रोजी आयोवात त्यांना साडेचार टक्के मते पडली आणि दोनच दिवसांनी त्यांनी माघार घेतली.

नाव तेच, विचार बराचसा तोच, आणि पद वडिलांपेक्षा मोठे. मग असे का झाले? की २०१६ मधील उमेदवारांची गर्दी पाहता ही तुलनाच अन्यायाची आहे?

तापीकाठ (भुसावळ)

गिरणाकाठ, आपण तुलनेसाठी वडिलांची चुकीची निवडणूक घेतली आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. २०१२ ही रॉन पॉल यांची रिपब्लिकन पक्षातील दुसरी खेप होती. पहिल्या खेपेची तुलना पहिल्या खेपेशीच करावी. २००८ मध्ये आयोवात वडील पाचवे आले होते आणि २०१६ मध्ये मुलगाही पाचवाच आला. परंतु वडिलांना तेव्हा सुमारे दहा टक्के मते होती, म्हणजे न्याय्य तुलना केली तरी मुलाच्या पदरात निम्म्याहून कमीच पडते.

गर्दीचा मुद्दा टक्केवारीपुरता खरा आहे. म्हणून मी मतांचे आकडे पाहिले. २०१२ मध्ये आयोवात सुमारे १ लाख २१ हजार लोक रिपब्लिकन कॉकसला आले आणि त्यांपैकी सुमारे २६ हजारांनी रॉन पॉल यांना मत दिले. २०१६ मध्ये उपस्थिती १ लाख ८६ हजारांच्या वर गेली, आणि रँड यांना मिळाली सुमारे साडेआठ हजार मते. मतदार दीडपट झाले आणि मते एक तृतीयांशावर आली. नवे मतदार इतरांकडे गेले हे समजू शकते, पण वडिलांचे जुने मतदार कोठे गेले, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या मंडळात एक गोष्ट अवश्य सांगा. कॉकस म्हणजे मतदान केंद्रावर जाऊन दोन मिनिटांत बटण दाबून परतणे नव्हे. ऐन हिवाळ्यात संध्याकाळी ठरलेल्या वेळी शाळेत किंवा सभागृहात जाऊन बसावे लागते, भाषणे ऐकावी लागतात आणि मग मत द्यावे लागते. नुसत्या नावाच्या ओळखीवर माणूस एवढा वेळ काढत नाही. २०१२ मध्ये आयोवातील तरुण मतदारांत रॉन पॉल सर्वांत पुढे होते, आणि ते तरुण बर्फातून येत होते ते एका ठाम भूमिकेसाठी.

पिलबाग (रावेर)

तापीकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते रँड यांच्या आधीच्या तीन-चार वर्षांत आहे. जून २०१२ मध्ये, वडिलांनी अधिकृतपणे मैदान सोडलेले नसतानाच, रँड यांनी वडिलांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांना पाठिंबा जाहीर केला. वडिलांचे कार्यकर्ते हे कधी विसरले असतील असे मला वाटत नाही. मार्च २०१५ मध्ये अणुकरार टिकणार नाही असा इशारा देत इराणच्या नेत्यांना लिहिलेल्या रिपब्लिकन सिनेटरांच्या पत्रावर त्यांनी सही केली, आणि त्याच महिन्यात संरक्षण खर्च वाढवण्याची दुरुस्तीही मांडली. ज्यांचे वडील परदेशातील युद्धांना आणि लष्करी खर्चाला जन्मभर विरोध करत आले, त्यांच्या मुलाने हे केल्यावर जुना मतदार नाराज झाला. आणि पक्षातील युद्धवादी मंडळींचा विश्वास त्यामुळे बसला, असेही झाले नाही.

यात त्यांचा सगळाच दोष नाही. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर इस्लामिक स्टेटच्या क्रूर चित्रफिती जगभर पोहोचल्या आणि रिपब्लिकन मतदाराचा कल पुन्हा कठोर परराष्ट्र धोरणाकडे वळला. त्यातच व्यवस्थेवरचा राग ही जी वडिलांची मोठी पुंजी होती, ती २०१५ च्या जूनपासून डोनाल्ड ट्रम्प यांनी आणि आयोवापुरती टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांनी पळवली.

आमच्याकडे केळीचा पिलबाग (कापलेल्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलांवर घेतलेले पुढचे पीक) धरताना मूळ झाडाचे खत पिलाला पुरेल असे कोणी गृहीत धरत नाही, त्याला वेगळे खत घालतात. (नाव पिलबाग घेतले आहे, तेव्हा एवढे लिहिण्याची मुभा असावी.)

बोरीकाठ (अमळनेर)

वडिलांना मागे टाकणारी मुले आहेत, हेही व्याख्यानात यावे. जॉर्ज रॉम्नी हे मिशिगनचे गव्हर्नर. व्हिएतनामच्या दौऱ्यात लष्करी अधिकाऱ्यांनी आपले ‘ब्रेनवॉशिंग’ केले, असे ते १९६७ मध्ये एका मुलाखतीत बोलून गेले, आणि त्या एका शब्दाने त्यांची मोहीम खचली. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी, न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान होण्याच्या आधीच, त्यांनी माघार घेतली. मुलगा मिट २००८ मध्ये जॉन मकेन यांच्याकडून हरला, परंतु २०१२ मध्ये पक्षाचा उमेदवार झाला. मिट यांचे मोजूनमापून, कधी कधी कंटाळा येईल इतके सावध बोलणे ही वडिलांच्या त्या शब्दाची धास्ती होती, असे अनेकांनी लिहिले आहे आणि मला ते पटते.

थोरले बुश १९८० मध्ये आयोवा जिंकूनही रेगन यांच्यापुढे हरले. धाकटे बुश २००० मध्ये पहिल्याच प्रयत्नात उमेदवार आणि अध्यक्ष झाले. त्यांचेच भाऊ जेब मात्र २०१६ मध्ये, समर्थक गटाने दहा कोटी डॉलरहून अधिक निधी जमवूनही, साउथ कॅरोलायनातील प्रायमरीनंतर बाहेर पडले. प्रचाराच्या बोधचिन्हावर त्यांनी आडनाव ठेवले नव्हते, पण लोकांना ते माहीत होतेच.

सातपुडा (नंदुरबार)

आपल्याकडचे उदाहरण हवे असल्यास आमचा मतदारसंघ पाहा. २०१९ च्या लोकसभेत काँग्रेसचे के. सी. पाडवी हे डॉ. हिना गावित यांच्याकडून पराभूत झाले; २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव गोवाल पाडवी यांनी त्याच जागेवर डॉ. हिना यांनाच दीड लाखांहून अधिक मतांनी हरवले. डॉ. हिना याही माजी मंत्री विजयकुमार गावित यांच्या कन्या, म्हणजे ही लढत दोन्ही बाजूंनी घराण्यांचीच होती.

फरक एवढाच की आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. गोवाल पाडवी यांना वडिलांच्या कार्यकर्त्यांसमोर पक्षांतर्गत मतदानाला उभे राहावे लागले नाही, रँड पॉल यांना राहावे लागले.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. तापीकाठ, तुमची दुरुस्ती मान्य. टिपण नव्याने लिहायला घेतले आहे.

तुमचे प्रतिसाद वाचल्यावर एक बाब माझ्या लक्षात आली. २०१२ मध्ये रॉन पॉल यांनी प्रतिनिधिगृहाची जागा पुन्हा लढवायची नाही, असे आधीच जाहीर केले होते; त्यांना गमावण्यासारखे काही उरले नव्हते. रँड यांची सिनेटची जागा मात्र २०१६ मध्येच पणाला होती. एकाच मतपत्रिकेवर दोन पदांसाठी नाव लावायला केंटकीचा कायदा आड येत होता, म्हणून तेथील पक्षाने अध्यक्षपदापुरती प्रायमरी सोडून मार्चमध्ये कॉकस ठरवले आणि खर्चाचा भार रँड यांच्याकडे दिला. ते कॉकस ५ मार्चला झाले, तेव्हा रँड स्पर्धेत नव्हतेच. सिनेटची जागा मात्र त्यांनी राखली.

शेवटी सापडलेली एक गंमत. डिसेंबर २०१६ मध्ये निर्वाचकांनी (अध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्यातून निवडल्या जाणाऱ्या प्रतिनिधींनी) अध्यक्षासाठी मते दिली, तेव्हा टेक्सासच्या एका रिपब्लिकन निर्वाचकाने पक्षाचा आदेश मोडून ट्रम्प यांच्याऐवजी रॉन पॉल यांना मत दिले. त्या वर्षी निवडणुकीत उभेही नसलेल्या वडिलांच्या नावावर, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, एक निर्वाचक मत लागले. मुलाच्या नावावर एकही नाही.