आतला ब्रेक पॅड संपला, बाहेरचा अर्धा शिल्लक: नुसते पॅड बदलून भागेल का?

घाटवाट:
हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम २ मिमी उरलाय, बाहेरचा ६ मिमी. उजवीकडे दोन्ही ५ मिमी. पेडल घट्ट आहे, ब्रेक ऑइल गळत नाही. पॅडचा सेट आणलाय, घरीच बसवणार. गॅरेजवाला मात्र अख्खा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदला म्हणतो.

चौदाचा_पाना:
नुसते पॅड टाकलेत तर नवाही तसाच झिजेल. या कॅलिपरला पिस्टन (ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) आतल्याच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, मग कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की सगळा मार आतल्या पॅडवर. संशय आधी तिथेच.

गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका, जॅक स्टँड लावाच. कॅलिपर सुटला की तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

पिन बोटांनी आतबाहेर सरकायला हवी. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने जातो, खड्डे पडले असतील तर पिन नवीन. रबरी बूट (पिनेवरचं आवरण) फाटलाय का बघा, पाणी तिथूनच शिरतं. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, तेही पातळ हात. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. एका पिनेला रबरी बुश असेल तर ती होती त्याच भोकात.

आता जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. सहज मागे गेला आणि त्याचा बूट शाबूत असेल तर कॅलिपर बदलायची गरज नाही. अडला तर सील किट, आणि पिस्टन गंजलेला निघाला तर गॅरेजवाल्याचं बरोबर.

डबल_डीक्लच:
पिस्टन दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी वर चढते. आधी सिरिंजने थोडं काढा. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नुसतं पुसू नका.

ब्रॅकेटही बघा. पॅडचे कान बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपखाली गंजाचा थर चढतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅड आवळतो. तारेच्या ब्रशने घासा. पॅड हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड डिस्कला घासतच राहतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. कडेला न झिजलेली धार असते, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) तिच्यावर टेकला की माप जास्त दाखवतो. दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरून मोजा, नाण्यांची जाडी वजा करा.

घाटवाट:
उजवीकडचे ५ मिमी आहेत, ते राहू देऊ? आणि ब्रेक लाइनमधली हवा काढावी लागेल का?

चौदाचा_पाना:
दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. लाइन कुठे उघडली नसेल तर हवा काढायचं कारण नाही.

डबल_डीक्लच:
ऑइल दोन वर्षांवर गेलं असेल तर मात्र बदला. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३०° से. असतो, ओलाव्याने तो १५५° पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ऑइल उकळलं की पेडल तळाला. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल पूर्ण दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) सील एरवी न पोचणाऱ्या खरखरीत भागात जाऊन फाटतं.

चौदाचा_पाना:
नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, पहिले काही दाब पोकळच जातात. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसायला मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता.