पेलेट स्टोव्ह: काच लगेच काळी, जाळ सुस्त, साफ करूनही तेच

गारठलेला
मंडळी मदत करा. पेलेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या छोट्या कांड्या, जाळणाऱ्या स्टोव्हचा आमचा दुसरा हिवाळा. पहिल्या वर्षी हॉपरमध्ये (पेलेटच्या टाकीत) पेलेट ओतायचे आणि बटण दाबायचं, बस. यंदा काच दोन तासांत काळीकुट्ट, जाळ आधी कसा पिवळाधमक फुरफुरायचा तो आता लांबुडका केशरी, टोकाला धूर, आणि काल रात्री तर आपोआप बंदच पडला, सकाळी बघतो तर बर्न पॉट (ज्यात जाळ असतो ते भोकाभोकांचं भांडं) न जळलेल्या पेलेटनी काठोकाठ भरलेला. साफ करत नाही असं नाही हां, रोज काच पुसतो, दोन दिवसाआड राखेचा ट्रे रिकामा करतो. इग्नायटर (पेलेट पेटवणारा भाग) गेला का? मेकॅनिक बोलवायच्या आधी विचारतोय.

चिमटा
इग्नायटर गेला असता तर पेटलाच नसता. तुमचा पेटतो आणि मग रडतो, म्हणजे हवा कमी पडतेय. ऑगर (हॉपरमधून पेलेट ढकलणारा स्क्रू) पेलेट टाकतच राहतो, जाळाला ते झेपत नाहीत, ढीग होतो, जाळ विझतो, मग धुराचं तापमान उतरलं की मशीन स्वतःला बंद करतं.

काच आणि ट्रे म्हणजे दिसणारी घाण हो, खरी घाण न दिसणारी. पूर्ण गार झाल्यावर प्लग काढा (नुसतं बटण बंद नाही, प्लग), पॉट उचलून उजेडाकडे धरा. प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. राख वितळून काचेसारखा कडक खडा होतो, क्लिंकर म्हणतात, तो तळाच्या भोकांवर बसतो, नुसत्या ब्रशने निघत नाही, जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचा आणि भोकं तारेने मोकळी करायची. पॉट ज्यावर बसतो ती जागाही पुसा, तिथे राख राहिली की पॉट तिरका बसतो आणि हवा भोकांतून न जाता कडेने पळते.

मग आगीमागचा पत्रा. बऱ्याच मॉडेलमध्ये तो निघतो, त्याच्या मागे धूर जायची वाट असते आणि तिथे राख साठते. तिथून पुढे एक्झॉस्ट पंख्याची पाती, आणि बाहेरच्या पाइपचा टी (T आकाराचा जोड). टी साफ केलाय का कधी?
आणि हो, पॉटमधले ते पेलेट परत हॉपरमध्ये टाकू नका, एखादा जरी धुमसत असला तर हॉपरच पेटेल.

राखुंडी
चिमटा म्हणतात ते सगळं बरोबर, पण राख कशाने काढताय ते सांगा आधी. मी पहिल्या वर्षी घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर लावला होता. हात लावून बघितलं होतं, राख गार लागली. अर्ध्या तासाने कपाटातून जळका वास. आत कागदी पिशवीला रुपयाएवढं भोक पडलेलं आणि कडा लाल. निखारा राखेच्या पोटात कधीकधी दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. तेव्हापासून राखेसाठी वेगळा अ‍ॅश व्हॅक्यूम, आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, बादली घराबाहेर, लाकडी फरशीवर नाही.
काचेला स्प्रे-बिप्रे लागत नाही. ओला कागद, त्याला थोडी बारीक राख, गोल गोल घासा. काच गार असताना.

भुसाभाऊ
सगळे स्टोव्हलाच बोलताय, पेलेटचं काय? यंदा ब्रँड बदललात का? ओलावा 10 टक्क्यांच्या आत, राख 1 टक्क्याच्या आत पाहिजे, पिशवीवर लिहिलेलं असतं. साल किंवा माती आलेला माल असेल तर क्लिंकर होणारच. आणि पिशवीच्या तळाचा भुसा ओतू नका, चाळून घ्या, तो ऑगरमध्ये दाबून बसतो.

चिमटा
मान्य, पण चांगल्या पेलेटचीही राख होतेच, फक्त हळू. मी दर टनामागे एकदा सगळं उघडतो, पेलेट कुठलेही असोत.

गारठलेला
अरे बापरे. आज सकाळी बसलो. पॉटची खालची अख्खी ओळ बंद होती, वरून बघताना कळतच नव्हतं. मागचा पत्रा काढला तर राख बदाबद अंगावर, बायको दारातून बघून निघूनच गेली. आणि टी चं झाकण उघडलं तर आत पाइपचा जेमतेम अर्धा भाग मोकळा. दोन हिवाळ्यांत एकदाही उघडला नव्हता, मला वाटायचं तो पाइपचाच भाग आहे.
आता जाळ परत फुरफुरतोय. भुसाभाऊ, ब्रँड बदललाच होता, स्वस्त म्हणून. फक्त काच अजून एका कडेने तपकिरी होते, हँडलच्या बाजूने.

चिमटा
ती दाराची दोरी, दाराच्या कडेच्या खाचेत हवा अडवायला बसवलेली असते ती. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकली पाहिजे. अलगद निघाली तर तिथून हवा घुसतेय.

गारठलेला
हँडलच्या बाजूने सर्रकन निघते, बाकी तिन्ही बाजूंनी घट्ट. दोरी कुठल्या मापाची घेऊ?

चिमटा
मॅन्युअलमध्ये माप असतं तेच घ्या. जुनी दोरी मोजू नका, दबून चपटी झालेली असते, बारीक माप येईल. खाचेतला जुना गोंद पूर्ण खरवडा, नवी दोरी ओढून ताणून बसवू नका, नुसती ठेवत जा. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर दोरीच्या आधी तो आणा.

राखुंडी
आणि बायकोला सांगा पुढच्या वेळी चादर अंथरून देतो म्हणावं 😄

गारठलेला
अलार्म आहे, पण बॅटरी काढून रिमोटमध्ये घातली होती. परत घालतो.