गॅरी कोलमनचे पैसे गेले कुठे? आईबाप, वकील की तो स्वतः?

रानपाखरू
परवा एका ग्रूपवर 'हे स्टार आता काय करतात' छाप यादी आली, त्यात गॅरी कोलमन सिक्युरिटी गार्ड झाला होता एवढंच लिहिलेलं आणि खाली नुसत्या हसणाऱ्या इमोजी. डोकं फिरलं म्हणून लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 'डिफरंट स्ट्रोक्स' ही अमेरिकन सिरियल १९७८ ते १९८६ चालली. एक श्रीमंत गोरा माणूस हार्लेममधल्या दोन काळ्या भावांना आपल्या घरी आणतो, त्यातला धाकटा अर्नोल्ड म्हणजे गॅरी. सुरुवातीला वय १०. शिखरावर होता तेव्हा एका एपिसोडचे १ लाख डॉलर मिळायचे असं छापून आलेलं आहे. आणि हा मुलगा जन्मापासून किडनीचा पेशंट, १९७३ आणि १९८४ अशी दोनदा ट्रान्सप्लांट झाली, दोन्ही फेल, मग डायलिसिस. आजार आणि औषधं यामुळे उंची ४ फूट ८ इंचावर थांबली. म्हणजे ज्या गोंडसपणावर चॅनेलने धंदा केला तो त्याच्या आजाराचा भाग होता, हे मला फार लागतं.

१९८९ ला, २१ वर्षांचा असताना, त्याने दत्तक आईवडिलांवर आणि जुन्या बिझनेस सल्लागारावर केस टाकली. ३८ लाख डॉलरच्या ट्रस्टमधल्या पैशांचा गैरवापर केला म्हणून. १९९३ ला निकाल त्याच्या बाजूने, १२ लाख ८० हजार डॉलर. पुढे १९९८ मध्ये तो गार्डची नोकरी करत होता, १९९९ ला दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१० मध्ये ४२ व्या वर्षी गेला. माझं मत स्पष्ट आहे, पोराने कमावलेला पैसा पोराचा, पूर्ण. घर आईबापाने आपल्या कमाईवर चालवावं.

सदूभाऊ
सहमत नाही. इलिनॉयमधलं घर सोडून लॉस एंजेलिसला जायचं, आजारी पोराला सेटवर घेऊन बसायचं, त्याची पथ्यं, त्याची औषधं, हे काम नाही का? तेच काम बाहेरच्या माणसाने केलं तर त्याला पगार आणि आईने केलं की लूट? आणि कोर्टाने १२.८ लाख दिले तेव्हा गॅरी २५ वर्षांचा होता, सहा वर्षांत दिवाळं निघालं ते आईबापाने काढलं का? दिवाळखोरीच्या वेळी दोष कुणाचा विचारल्यावर त्याने अकाउंटंट, आईवडील, एजंट, वकील सगळ्यांची नावं घेतली आणि त्या यादीत स्वतःलाही धरलं. तो स्वतः एवढा प्रामाणिक होता तर आपण त्याला बिचारा का करतोय.

रानपाखरू
@सदूभाऊ अहो पण ज्याला अठरा वर्षांपर्यंत स्वतःच्या पैशाचा हिशोब कुणी दाखवला नाही त्याला पंचविशीत व्यवहार कुठून येणार? त्यात काम जवळपास बंद, लोकांना अर्नोल्डच हवा होता, मोठा झालेला गॅरी नको होता. वर डायलिसिस आयुष्यभराचं आणि वकील काही फुकट लढत नाहीत. पगार घ्या की आईने, पण तो किती घ्यायचा हे आईनेच ठरवायचं आणि सहीसुद्धा आईनेच करायची हे चालणार नाही. आणि गार्डची नोकरी ही प्रामाणिक नोकरी आहे, त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

चहाबाज
नुसत्या पैशाचा प्रश्न नाहीये हा. त्याच सिरियलमधली त्याची बहीण, डेना प्लेटो, १९९१ ला लास वेगासमध्ये व्हिडिओचं दुकान लुटल्याबद्दल पकडली गेली, १९९९ मध्ये ओव्हरडोसने गेली, वय ३४. मोठा भाऊ झालेला टॉड ब्रिजेस ड्रग्जमध्ये अडकला, तो सुदैवाने बाहेर आला. एका सेटवरची तीन मुलं आणि तिघांची ही गत. १००% पैसे बँकेत टाकले असते तरी हे थांबलं नसतं. मुलांना या कामात आणूच नये या मताचा मी आहे.

कागदीघोडा
कायद्याचं थोडं सांगतो कारण इथे सगळे आईबापावरच घसरताहेत. जॅकी कूगन, चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड' मधला पोरगा, लहानपणी ३०-४० लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. १९३८ ला आई आणि सावत्र बापावर केस केली, हातात आले १ लाख २६ हजार. त्यावरून १९३९ ला कॅलिफोर्नियात कूगन कायदा झाला. मग चाळीस वर्षांनी गॅरीला तो का वाचवू शकला नाही? कारण तो फक्त कोर्टाकडून मंजूर करून घेतलेल्या करारांना लागायचा, बाकीचे करार मोकळे, आणि मूळ नियम असा की अल्पवयीन मुलाची कमाई पालकांची. हे बदललं २००० पासून. आता कमाई मुलाच्या मालकीची आणि एकूण रकमेच्या १५ टक्के सक्तीने बंद खात्यात. त्यामुळे गॅरीच्या केसमध्ये पहिला दोष कायद्यातल्या भोकाचा, माणसं त्यातून गेली एवढंच.

आपल्याकडे २०१७ पासून बालकामगार कायद्याच्या नियमांत आहे, किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर एफडी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शूटला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. कागदावर आपण कॅलिफोर्नियाच्या पुढे आहोत.

मीरारोडची आई
कागदावरच. माझी मुलगी सिरियलमध्ये काम करते म्हणून बोलतेय. नाशिकची नोकरी सोडून मी तिच्यासोबत इथे भाड्याने राहते, नवरा तिकडे. पेमेंट नव्वद दिवसांनी, त्यातून आधी काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन कापलं जातं, मग कपडे, रिक्षा, ट्यूशन. पाच तास म्हणतात आणि कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी सातचा देऊन सीन संध्याकाळी लावतात, मधले तास मोजायचेच नाहीत असं एका प्रॉडक्शनवाल्याने मला तोंडावर सांगितलं. रानपाखरू ताई, पूर्ण पैसा पोरीचा म्हणालात ना, मग घरभाडं मी कशातून भरू ते पण सांगा. मी तिचे २० नाही, ४० टक्के बाजूला टाकते, पण बाकीच्यावर आमचं इथलं घर चालतं हे मी लपवणार नाही, आणि म्हणून मी चोर होत नाही.

सदूभाऊ
ताई, हेच म्हणत होतो. तुमच्यासारखे हिशोब ठेवणारे पण आहेत.

रानपाखरू
@मीरारोडची आई तुम्हाला चोर कुणीच म्हणत नाहीये आणि तुम्ही ४० टक्के ठेवताय हे वाचून खरंच बरं वाटलं. 'पूर्ण' हा माझा आग्रह तुमच्या घराला लागू होणार नाही, मान्य. पण हिशोब तुमच्या वहीत आहे, तो उद्या तिला दाखवायची सक्ती तुमच्यावर कुणाची नाही. दुसऱ्या घरात वहीच नसेल.

कागदीघोडा
यात अजून एक गोष्ट आहे जिकडे कुणाचं लक्ष जात नाही. कूगन कायद्याच्या त्या बंद खात्यातून १८ व्या वर्षाआधी कोर्टाच्या ऑर्डरशिवाय पैसे निघत नाहीत, आईबापांनाही नाही. आपल्या बँकेत अल्पवयीन मुलाची एफडी पालक मुदतीआधी मोडू शकतो, पैसे मुलाच्या हितासाठी वापरतोय असं लिहून दिलं की साधारण काम होतं. टक्के २० चे ५० केले तरी ही सोय आहे तोवर त्या एफडीला अर्थ नाही. परवानगीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातोच ना, मग एफडी मोडायचा अर्जही तिकडूनच मंजूर होऊन यावा.

मीरारोडची आई
याला मी सही करायला तयार आहे. फक्त ऑपरेशन वगैरे निघालं तर आठ दिवसांत मंजुरी मिळाली पाहिजे, महिनोन्‌महिने खेटे घालायला लावू नका.