मदत हवी आहे: ह्वार बेटावरच्या 'झा क्रिझेन' मिरवणुकीत कसं वागावं?

नमस्कार मंडळी. ईस्टरच्या आठवड्यात आई आणि मी क्रोएशियातल्या ह्वार बेटावर, येल्सा गावात राहणार आहोत. घरमालकीणबाईंनी गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, गुरुवारी, या मिरवणुकीला चला म्हणून आग्रहाने बोलावलंय.

थोडं वाचलंय. 'झा क्रिझेन' म्हणजे 'क्रूसामागून'. येल्सा, पित्वे, व्रिस्निक, स्विर्चे, व्रबान्य आणि व्रबोस्का, सहाही गावांतून रात्री 10 वाजता एकाच वेळी मिरवणुका निघतात. रात्रभर वीस-पंचवीस किलोमीटर चालून, वाटेत बाकीच्या गावांच्या चर्चमध्ये थांबत, सकाळी आपापल्या गावी परततात. पुढे काळ्या कापडात गुंडाळलेला जड क्रूस घेतलेला माणूस, अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर. हा मान मिळावा म्हणून लोक कित्येक वर्षं आधी नाव नोंदवतात. पाच शतकांची ही परंपरा 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

आईने वारी केलीय, त्यामुळे चालण्याची काळजी नाही. काळजी आहे ती आपल्यामुळे कुणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये याची. आपण ख्रिश्चन नाही, तरी सोबत चालायचं की बाजूला उभं राहायचं? वाटेत मरियेचा विलाप (येशूच्या आईचं शोकगीत) गातात तेव्हा फोटो अजिबात काढू नयेत ना? मी काढणार नाहीच, पण आईला हौस आहे. तिने साडी नेसली तर चालेल?

शिवाय आम्ही शाकाहारी. शुक्रवारी तिथे मांस वर्ज्य, पण मासे असतात. बाईंनी पानात वाढले तर त्यांना न दुखावता नाही कसं म्हणावं?

त्या भागात राहिलेल्या कुणीही सांगा, प्लीज.