केनियातील यजमान कुटुंबात शाकाहार कसा सांगावा? मदत हवी आहे

नमस्कार. मी नाशिकला महाविद्यालयात शिकते आणि जूनमध्ये स्वयंसेवक म्हणून सहा आठवडे पश्चिम केनियातील काकामेगाजवळच्या खेड्यात, लुह्या या तिथल्या समाजातील एका शेतकरी कुटुंबात राहणार आहे. प्रवासपरवाना, पीतज्वराची लस आणि हिवतापाच्या गोळ्या यांची व्यवस्था झाली आहे. अडचण जेवणाची आहे. मी अंडीसुद्धा खात नाही, आणि लुह्या घरांत पाहुण्यासाठी कोंबडी शिजवणे हा मोठा मान समजला जातो. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, सुकुमा विकीची पालेभाजी, मका-घेवड्याचे गिथेरी हे सर्व मला चालेल (उगाली घरी दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा गुठळ्या झाल्या). अर्जात ‘शाकाहारी’ असे स्पष्ट लिहूनही संयोजकांचे उत्तर आले, ‘मासे तर चालतील ना?’ स्वाहिलीतील ‘सिली न्यामा’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, हे वाक्य पाठ केले आहे. पण तेवढ्याने कोंबडी आणि मासे वगळले जातील असे वाटत नाही. स्वयंपाक एकाच चुलीवर होत असल्याने वेगळी भांडी मागणे मला प्रशस्त वाटत नाही. पूर्व आफ्रिकेतील खेड्यात राहिलेल्यांनी कृपया सांगावे: हे यजमानीणबाईंना आधीच कळवावे की पोहोचल्यावर, आणि त्यांचा मान न दुखावता नेमक्या कोणत्या शब्दांत?